'इट इज आय' की 'इट इज मी'?

मंडळी, दार वाजलं, आतून कुणी 'कोण?' असं विचारलं, तर बाहेरच्या इंग्रजानं काय म्हणावं? 'इट इज आय' की 'इट इज मी'? आपल्या मराठी कानाला इथे जरा सावध राहावं लागतं. इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला', आणि आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'आय'. एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

बोलताना बहुतेक सगळे इंग्रज 'इट इज मी'च म्हणतात. मग ते चूक ठरवलं कुणी? 1762 साली रॉबर्ट लोथ या धर्मगुरूंचं इंग्रजी व्याकरण निघालं. (हेच पुढे लंडनचे बिशप झाले.) 'असणे' या क्रियापदानंतरही कर्त्याचंच रूप हवं, असं त्यांनी सांगितलं. लॅटिनमध्ये तसंच आहे. शिवाय तळटीपांमध्ये त्यांनी थोरामोठ्या लेखकांच्या चुका काढून दाखवल्या. शाळामास्तरांना आयतीच छडी मिळाली! आदल्याच वर्षी जोसेफ प्रीस्टली यांचंही व्याकरण आलं होतं. प्राणवायूच्या शोधाशी नाव जोडलं जातं, तेच हे प्रीस्टली. भाषेचा निवाडा रूढीनं व्हावा, ही त्यांची भूमिका. आमचं मत त्यांच्या बाजूनं आहे. पण शाळांत चालला तो लोथ यांचा शब्द, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातून हाच नियम घोकला.

आता एक नेहमीचा युक्तिवाद तपासू. 'जॉन अँड मी' म्हटलं की मास्तर दटावत, म्हणून धास्तीनं लोक 'बिट्वीन यू अँड आय' म्हणू लागले, असं सांगतात. नियमानं तिथे 'मी'च हवा. युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण अपुरा आहे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनियो बॅसानियोला पत्र लिहितो, त्यात नेमकं हेच रूप आहे. ते नाटक छापलं गेलं 1600 साली. म्हणजे मास्तरांच्या आधीपासून हा गोंधळ होताच.

का होता? जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तिप्रत्यय होते. ते झिजले. कर्ता कोण आणि कर्म कोण, हे शब्दांच्या क्रमावरून कळू लागलं. जुनी रूपं उरली ती 'आय-मी', 'ही-हिम' अशा मोजक्या सर्वनामांत. रूप शिल्लक राहिलं, त्याचं काम मात्र गेलं. मग क्रियापदाच्या आधी 'आय' आणि नंतर 'मी', असा बोलणाऱ्यांच्या जिभेनं आपला हिशेब लावला. 'अँड' मधे आला की तो हिशेबही डळमळतो.

आणि 'यू'चं काय? एके काळी कर्त्याचं रूप होतं 'यी', 'यू' हे कर्माचं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हा भेद पाळलेला दिसतो. नंतर 'यू'नं 'यी'ची जागा बळकावली. 'मी'नं केला तोच हा अपराध. पण 'यू आर' म्हणणाऱ्या पोराच्या हातावर कुणी छडी मारल्याचं आमच्या ऐकिवात नाही.