भात्यावर चालणारं नाट्यसंगीत

पाइप ऑर्गन बसवायला चर्चची ऐपत मोठी लागते. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलला किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चला तो परवडला. लहान चर्चनी आणि मिशनच्या शाळांनी पायाने भाता मारायचा, पितळी सुरांचा ऑर्गन घेतला. अमेरिकेतल्या मेसन अँड हॅमलिन आणि एस्टी या कंपन्यांचा त्यात मोठा बोलबाला. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले.

महाराष्ट्रात मात्र या वाद्याला खरा मान दिला तो संगीत नाटकाने. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगलं आणि पदं ऐकायला माणसं रात्र रात्र जागू लागली. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या साथीला तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन! ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात भरदार, न तुटणारा सूर गायकाच्या पाठीशी हवाच होता. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनला भाता पायाशी, म्हणून दोन्ही हात मोकळे. आवाज वाढवायचा तर गुडघ्याने बाजूची फळी सरकवायची.

हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनचा आत ओढतो. दुरुस्तीची सगळी मेख इथेच आहे. कुठेही बारीक फट राहिली की ओढ सुटते आणि वादक नुसते पाय मारत राहतो. भात्याचं रबरी कापड घड्यांवर चिरतं, पट्ट्यांखालचं फेल्ट कसर खाते, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी दाबलेलीच राहते. कारागीर आधी सगळं उतरवतो. मुका झालेला सूर आकड्याने खाचेतून ओढून काढतो. पुष्कळदा त्यात धुळीचा एक कण निघतो, तेवढाच. बेसूर झाला असेल तर पितळी जीभ हलकेच घासायची: टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हात जरा जड पडला तर शंभर वर्षांचा सूर कायमचा गेला.

म्हणूनच जुना ऑर्गन मिळाला की आधी पॉलिश करायला धावणाऱ्यांचा राग येतो. लाकूड चकाकतं, आत भाता कुजलेलाच असतो. पैसा आधी भात्याला, मग सुरांना घालावा. पेटीचं लाकूड थांबू शकतं. दुरुस्तीनंतरही ऑर्गन झाकून ठेवून चालत नाही. कापड आणि चामडं मऊ राहायला तो नेमाने वाजवावा लागतो, निदान रोज एखादं पद तरी.