मुलांचे मास्तर मुलेच

शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडी नावाची लहानशी वाडी आहे. २०१२ मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आले, तेव्हा शाळा दोन खोल्यांची आणि मुले तीसेक होती. पुढे या शाळेत ‘विषयमित्र’ ही पद्धत रुजली. ज्याला एखादा विषय समजला, त्याने तो सोबत्याला समजावून द्यायचा. इयत्ता कोणतीही असो. वारे गुरुजींनी हीच वाट नंतर खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला नेली आणि २०२५ मध्ये त्या शाळेला लोकांच्या मतांवर दिला जाणारा जागतिक पुरस्कार मिळाला.

हे सारे नवे वाटते. पण आपल्या जुन्या शाळांतही पंतोजी एकटेच असत. थोरली मुले धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर आले. देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेतला वर्ग एका लहान मुलाच्या हाती सोपवला. १७९७ मध्ये त्यांनी हा प्रयोग लंडनमध्ये छापला. तिथे जोसेफ लँकेस्टर यांनीही अशाच पद्धतीची शाळा काढली होती. मग हीच पद्धत विलायती शिक्का घेऊन मुंबई इलाख्यातल्या शाळांत परत आली!

मात्र त्या पद्धतीचे मोठे आकर्षण स्वस्ताई हे होते. एका मास्तरात शेकडो मुले आटोपत. थोरला मुलगा म्हणजे हुकूम पोहोचवणारा मुकादम. त्याने प्रश्न विचारायचा नाही, फक्त घोकून घ्यायचे. विषयमित्र मुकादम नसतो. तो आज गणित शिकवतो, उद्या भाषा शिकतो. दुसऱ्याला सांगताना आपलेच कुठे अडते, हे त्याला कळते.

शिरूर-दौंडकडच्या वाड्यावस्त्यांवर चार इयत्ता आणि दोन शिक्षक, ही गोष्ट नवलाची नाही. तिथे ही पद्धत मोठा आधार होईल. पण मुले एकमेकांना शिकवतातच, मग शिक्षक कशाला, असा हिशेब कुणी मांडला, तर दोनशे वर्षांपूर्वीची चूक पुन्हा होईल. मुलांच्या हाती वर्ग द्यायचा, तर त्यांच्या मागे जाणता गुरुजी उभा हवाच.