हातावरचे दही

सणाच्या आरंभाचा इतिहास जितक्या आस्थेने लिहिला जातो, तितक्या आस्थेने त्याच्या शेवटाचा लिहिला जात नाही. १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला आलेले सार्वजनिक रूप, मेळे, मिरवणुका यांवर विपुल लेखन झाले आहे. घरचा गणपती गेल्यावर त्या घराने दुसऱ्या दिवसाकडे कसे वळायचे, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. त्याचे उत्तर पोथीपेक्षा घरातील बारीकसारीक रीतींत सापडते, असे आम्हांस वाटते.

उत्तरपूजेत मूर्तीवर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवतात. प्राणप्रतिष्ठेने देव झालेली माती येथून पुन्हा माती होते. पुन्हा येण्यासाठीच जावे, असा त्या वेळच्या मंत्राचा आशय असतो. अनेक घरांत मूर्तीच्या हातावर दही घालतात, सोबत दहीपोह्यांची शिदोरी देतात. विसर्जनानंतर वाटल्या डाळीची खिरापत होते. पाट मात्र रिकामा परत आणीत नाहीत. पाणवठ्यावरची मूठभर वाळू वा माती त्यावर घरी येते. तो पाट मूळ जागी ठेवून आरती होते. काही घरांत ही माती घरभर टाकतात, काही घरांत धान्याच्या कोठीत ठेवतात. मग मखर उतरते.

यांतील दही आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. परगावी निघालेल्या माणसाच्या हातावरही घरातली वडीलधारी बाई दहीच घालते. म्हणजे देवाच्या निरोपाला घराने लेकाच्या निरोपाचीच रीत लावली आहे.

कोकणात या साम्याला इतिहासाचे वजन आहे. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि पुढे त्यांना मोठ्या संख्येने कामगार पुरवले ते रत्नागिरी जिल्ह्याने. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता. पुरुष मुंबईत गाळ्यात दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत. बायका गावी शेती व म्हातारी माणसे सांभाळत. गणपती आणि शिमगा या भेटीच्या वेळा. गणपती गेले की चाकरमान्याची पिशवी भरली जाई, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाई आणि त्याच्याही हातावर दही पडे. थोड्याच दिवसांत तोच निरोप दुसऱ्यांदा.

'घर पुन्हा मार्गी लागले' असे आपण सहज म्हणतो. पण मार्गी लागणे दोघांचे सारखे नव्हते. त्याच्यासाठी तो गिरणीचा भोंगा होता. तिच्यासाठी पुढ्यातली भातकापणी आणि घरात एक माणूस कमी असणे. देवाला उद्देशून उच्चारलेले 'पुन्हा या' तिने केवळ देवालाच म्हटले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तरी भाद्रपदातले येणे-जाणे थांबले नाही. २०२० च्या साथीत शासनाने घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली आणि अनेकांनी घरातच बादलीत विसर्जन केले. पाणवठा सुटला, वाळूऐवजी कुंडीतली माती आली. हातावरच्या दह्याला मात्र नदीची गरज नव्हती. ते घालणारा हात घरात असला म्हणजे पुरे होते. आणि तो हात बहुधा मागे राहणाऱ्या बाईचाच असतो.