मुक्तस्रोत रिलेशनल डेटाबेस : निवड

मुक्तस्रोत रिलेशनल डेटाबेस : माहिती परस्परांशी जोडलेल्या टेबलांत साठवणारी, एसक्यूएल भाषेतून हाताळता येणारी आणि जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता व वापरता येतो अशी संगणकप्रणाली. नव्या प्रकल्पासाठी आज मुख्यतः पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल, त्यातून फुटून निघालेला मारियाडीबी आणि एसक्यूलाइट यांचा विचार होतो. निवड करताना बहुतेक जण वेगाचे तक्ते पाहतात. लहान-मध्यम प्रकल्पांत त्यांचा उपयोग फारसा होत नाही. मालकी, लिपी आणि चुकीची नोंद अडवण्याची शिस्त या तीन गोष्टी पुढे जास्त छळतात.

रिलेशनल पद्धतीची मांडणी आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. जमिनीच्या दफ्तरावरून ती चटकन समजते. झाशी जिल्ह्यातील मोठ तहसिलीची खतौनी घ्या किंवा महाराष्ट्रातला सातबारा. एका खात्यात अनेक गट असतात, एका गटावर अनेक खातेदार असतात आणि एकच खातेदार अनेक खात्यांत येतो. म्हणून खातेदार, गट व हिस्सा ही वेगवेगळी टेबले करून ती क्रमांकांनी जोडायची. फेरफार मंजूर झाला की विकणाऱ्याचे नाव कमी होणे आणि घेणाऱ्याचे लागणे ही दोन्ही कामे एकदम झाली पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. मध्येच वीज गेली तरी. यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. वरचे चारही डेटाबेस आज हे करतात. मायएसक्यूएलमध्ये मात्र २०१० च्या ५.५ आवृत्तीपर्यंत न सांगता मिळणारे मायआयसॅम हे इंजिन ट्रान्झॅक्शन पाळतच नसे. क्षेत्र ऋण असू नये यासारखी ‘चेक’ अट मायएसक्यूएल बिनतक्रार स्वीकारी आणि सोडून देई. ती खरोखर लागू झाली ती २०१९ च्या ८.०.१६ पासून. त्याची जुनी बदनामी आता बरीचशी गैरलागू आहे, पण जुन्या सर्व्हरवर काम करायचे असेल तर आवृत्ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मालकीचा प्रश्न मायएसक्यूएलच्याच इतिहासातून उभा राहिला. स्वीडनमध्ये १९९५ साली निघालेला हा डेटाबेस २००८ मध्ये सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेला. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याआधीच मारियाडीबीची वेगळी शाखा काढली होती. मायएसक्यूएल जीपीएल परवान्याखाली आहे; स्वतःच्या सर्व्हरवर वापरण्यास त्याने अडत नाही, पण बंद कोडाच्या विक्रीच्या मालात तो मिसळून द्यायचा तर ओरॅकलचा व्यापारी परवाना घेण्याची पाळी येते. पोस्टग्रेसक्यूएलचा परवाना याहून बराच सैल आहे. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून तो आला आणि आज कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यात पुण्याचाही वाटा आहे. या डेटाबेसमध्ये टेबलातली ओळ बदलली की तिची नवी प्रत लिहिली जाते. पूर्वी त्यासोबत प्रत्येक इंडेक्समध्येही, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीतही, नवी नोंद पडे. इंडेक्सचा कॉलम बदललेला नसेल व त्याच पानावर जागा असेल तर ही नोंद टाळणारी ‘हॉट’ ही सुधारणा २००८ च्या ८.३ आवृत्तीत आली, आणि तिचे बरेचसे काम पुण्यातून झाले.

मराठी प्रकल्पात लिपीकडे आधी पाहावे. देवनागरीचे नेहमीचे अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. मायएसक्यूएलचे जुने ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जाते, म्हणून मराठी मजकूर त्यात बसतो आणि कोणाला शंका येत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, ती चार बाइटांच्या पट्ट्यात. बुंदेलखंडातील मराठी राजवटींच्या मोडी कागदांची सूची मोडी अक्षरांसह करायची ठरवली, तर सैल सेटिंगच्या जुन्या सर्व्हरवर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा मजकूर गळून पडेल आणि मागे राहील ती फक्त एक सूचना. उपाय सोपा आहे : ‘यूटीएफ८एमबी४’ निवडणे, ८.० पासून तेच मुळात ठरलेले असते.

क्रमवारीचा घोळ याहून चिवट आहे. मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या क्रमांकांत ळ लगेच ल नंतर येतो, आणि क्ष तर क मध्येच जातो. एसक्यूलाइट मूळ स्थितीत याच क्रमांकांनी रांग लावतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन, म्हणजे क्रमवारीचे नियम, वापरता येते. ‘दर्‍या’ हा शब्द मात्र दोन तऱ्हांनी टंकला जातो आणि दोन्ही तऱ्हा डोळ्यांना सारख्याच दिसतात. शोधात त्या जुळवण्यासाठी नोंद आत घेतानाच एकरूप करणारा कोड स्वतः लिहिलेला बरा.

भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार ई-प्रशासनाच्या कामात मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्यायचे असून तो डावलला तर कारण द्यावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते अनेक जण एकाच वेळी नोंदी करणार असतील, तर सबळ कारण नसताना पोस्टग्रेसक्यूएल सोडू नये. गटांच्या हद्दी नकाशावर आणायच्या असतील तर त्याच्या पोस्टजीआयएस या नकाशांसाठीच्या जोडणीमुळे प्रश्नच उरत नाही. मोबाइल ॲप किंवा एकट्याने सांभाळायची सूची असेल तर रिचर्ड हिप यांचा एसक्यूलाइट (२०००) पुरेसा होतो : सगळा डेटाबेस एका फाइलीत, सर्व्हर नाही, परवान्याची भानगड नाही. एका वेळी एकालाच लिहिता येते आणि फॉरेन की, म्हणजे टेबलांमधील दुव्यांची, तपासणी मुद्दाम चालू करावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

पोस्टग्रेसक्यूएलच्या गळ्यात पडणारी कामेही आहेत. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस लागते, त्यामुळे जोडण्या वाढल्या की मध्ये पीजीबाउन्सरसारखा, थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा पूलर बसवतात. मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, नंतर बदल अटळ. क्रमवारीचे नियम तो सहसा ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो; लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत (२०१८) ते बदलले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करताच अनेक ठिकाणी मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स चुकीचे ठरले. असा बदल करताना ते रीइंडेक्स करून नव्याने बांधून घ्यावे लागतात.