पंचाचा निकाल आणि खेळाडूचा राजीनामा

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेली माणसं आता फुटबॉलवर काय बोलणार! पण ज्याच्या डोळ्यांवर आपला भरवसा नाही, त्याचा निकाल का मानायचा, हा प्रश्न आम्हाला पुस्तकात भेटण्याआधी मैदानात भेटला. आणि तो निकाल न मानता आम्ही एकदा मैदान सोडलेलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

१९७० च्या दशकाची सुरुवात. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. दोन कॉलेजांचा सामना. मैदान फक्कीने आखलेलं, गोलाला दोन बल्ल्या आणि वर एक आडवी. जाळी नव्हती. त्यांच्या पोराने जोरात मारलेला चेंडू खांबाच्या अगदी जवळून गेला आणि मागच्या तुरीत जाऊन पडला. आतून गेला की बाहेरून? ते म्हणाले गोल, आम्ही म्हटलं बाहेर. रेफरी म्हणजे तिथलेच पी.टी.चे सर. त्यांनी शिट्टी फुंकून मधल्या वर्तुळाकडे हात केला. आमचा कॅप्टन पाच मिनिटं भांडला, मग म्हणाला, "चला रे." आम्ही अकराच्या अकरा निघून आलो. रात्रभर आपण काहीतरी थोर केलं असं वाटत होतं.

हाच वाद इंग्लंडात ऐंशी वर्षं आधी होऊन गेला होता, हे फार उशिरा कळलं. तिथेही आधी गोलाला जाळी नव्हती. लिव्हरपूलचे अभियंते जॉन ब्रॉडी यांनी ती सुचवली, ती अशाच वादांवर उपाय म्हणून. १८९१ च्या जानेवारीत ती मोठ्या सामन्यात लावून पाहिली गेली. त्याच वर्षी पेनल्टी आली आणि त्याच वर्षी रेफरी मैदानाच्या आत आला.

आत आला म्हणजे काय, तर तोवर तो बाहेर असायचा. अगदी सुरुवातीला दोन कॅप्टन आपसांत वाद मिटवत. मग प्रत्येक संघ आपापला एक अंपायर आणू लागला. खेळाडूने दाद मागितली तरच अंपायर बोलणार, आणि दोघांचं जुळलं नाही तर बाहेरच्या तिसऱ्याकडे प्रकरण सोपवायचं. सोपवलं जातं ज्याच्याकडे, तो रेफरी. शब्दाचा अर्थच तो आहे. १८९१ मध्ये अंपायर रेषेवर गेले, लाइन्समन झाले, आणि त्या दशकातच रेफरीला कोणी दाद न मागताही निकाल द्यायचा अधिकार मिळाला. म्हणजे त्याआधी तक्रार करणं हा बेशिस्तपणा नव्हता, ती खेळाची रीतच होती. क्रिकेटमध्ये ती अजून आहे. अपील केलं नाही तर अंपायर बाद देत नाही. फुटबॉलने ती काढून टाकली आणि तेव्हापासून खेळाडू रेफरीभोवती कोंडाळं करून ओरडतो आहे.

आता आपल्याकडे या. मराठेशाहीत पंचायतीपुढे वाद न्यायचा तर दोन्ही पक्षांना आधी 'राजीनामा' लिहून द्यावा लागे. म्हणजे आम्ही राजी आहोत, पंच ठरवतील ते मान्य. आज आपण नोकरी सोडताना राजीनामा देतो, अर्थ बरोबर उलटा झाला. आमच्या मते मैदानात उतरणं हा जुना राजीनामा आणि मैदान सोडणं हा नवा. फरक एकच: जुन्या राजीनाम्यानंतर पंच तुमचं म्हणणं ऐकून घेत असत.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर गावसकरांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला असं त्यांचं म्हणणं. ते चेतन चौहानांना सोबत घेऊन निघाले. सीमारेषेपाशी संघव्यवस्थापकांनी चौहानांना परत पाठवलं, नाहीतर सामनाच हातचा गेला असता. तो सामना भारताने ५९ धावांनी जिंकला! गावसकरांनी पुढे आपल्या त्या वागण्याबद्दल खंत व्यक्त केली.

बेंगळुरूत ३ मार्च २०२३ ला परत पाठवणारं कोणी नव्हतं. सुनील छेत्रीने भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली, गोल दिला गेला, आणि केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी संघच बाहेर बोलावला. क्लबला चार कोटींचा दंड, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी.

आणि २ फेब्रुवारी २०२५ चं अहिल्यानगर तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंच. महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली नाही म्हणत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणावरून वाद घालून आखाडा सोडून गेला. दोघांनाही सारखीच तीन वर्षांची बंदी. आम्हाला ही समानता पटत नाही. लाथ ही मारहाण आहे, तिला शिक्षा हवीच. निघून जाणाऱ्याने कोणाच्या अंगाला हात लावलेला नसतो. त्याने फक्त दिलेली संमती परत घेतलेली असते. ते चूक असेल, पण वेगळ्या जातीची चूक आहे. एका तराजूत दोन्ही घालणं म्हणजे आळस.

गंमत बघा, २०२४ च्या युरो स्पर्धेत नियम आला: रेफरीशी फक्त कॅप्टन बोलेल, आणि रेफरी त्याला कारण सांगेल. फिरून पुन्हा कॅप्टनपाशी!

आमच्या त्या सामन्याचं राहिलंच. वीसेक वर्षांनी ते सर एस.टी. स्टँडवर चहा घेताना भेटले. आम्ही विचारलं, "सर, तो गोल होता का?"

"मले कुठं दिसला! पोट्टे उड्या मारत होते, म्हणून देऊन टाकला."

"मग आम्ही निघून गेलो तेव्हा?"

सरांनी बशी खाली ठेवली. "तवा तं लय बरं वाटलं बाप्पा. म्हटलं, आता कोनी इचारत नाही."