विश्वास आणि भांडवल : झारकालीन मॉस्कोतील व्यापारी, गिरण्या व बँका

१

रशियन साम्राज्याच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे सेंट पीटर्सबर्गकडे वळते. शासनाची कचेरी तेथे, परदेशी वकिलाती तेथे, आणि १८६० साली स्थापन झालेल्या राज्य बँकेचे मुख्य ठाणेही तेथेच. परंतु एकोणिसाव्या शतकात कापडधंद्यावर ज्या नगरीने आपली स्वतंत्र अर्थसत्ता उभारली ती मॉस्को होय. या नगरीच्या व्यापाऱ्यांविषयी एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती अशी की, मॉस्कोच्या व्यापाऱ्याला कागदाची गरज नव्हती. त्याचा शब्द हाच दस्तऐवज होता. सोव्हिएत काळात या वर्गाची गणना केवळ शोषक म्हणून होत असे. १९९१ नंतर मात्र हीच समजूत नव्या उत्साहाने पुढे आली आणि ‘व्यापाऱ्याचा शब्द’ ही जणू हरवलेल्या सुवर्णयुगाची खूण ठरली. या दोन्ही टोकांमधून वाट काढून हा विश्वास कशावर उभा होता, तो कोणापर्यंत पोहोचत होता आणि कोठे थांबत होता, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. मॉस्कोच्या व्यापारी परिभाषेत तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत जुना थर पूर्वेकडून, तुर्की भाषांच्या द्वारा आलेला आहे. माल या अर्थी ‘तवार’, सरकारी तिजोरी या अर्थी ‘कझना’ आणि घाऊक व्यापाऱ्याची वखार या अर्थी ‘अम्बार’ हे शब्द या थरातील होत. यांपैकी शेवटचे दोन मराठी वाचकास परके वाटू नयेत. ‘कझना’ आणि आपला ‘खजिना’ एकाच अरबी मुळातून निघाले. ‘अम्बार’ आणि आपल्या गडकोटांवरील ‘अंबारखाना’ यांचे मूळ फारसी आहे. दुसरा थर जर्मन व डच यांचा. हुंडीला ‘वेक्सेल’ आणि सट्टाबाजाराच्या इमारतीला ‘बिर्झा’ हे शब्द त्या वाटेने आले. तिसरा थर शुद्ध स्लाव असून त्यात ‘वेरा’ म्हणजे श्रद्धा आणि तिच्यापासूनच साधलेला ‘दवेरिये’ म्हणजे विश्वास हे शब्द येतात. रशियनमध्ये उधारीवर माल देणे याला ‘विश्वासाने देणे’ असे म्हणण्याची रीत होती. मराठीतील ‘पत’ या एका शब्दात बाजारातील उधारीची शक्ती आणि समाजातील अब्रू हे दोन्ही अर्थ नांदतात, हे लक्षात घेतले म्हणजे या रचनेचे मर्म सहज कळते.

मॉस्कोतील बिर्झाची इमारत १८३९ साली इल्यिन्का रस्त्यावर उघडली गेली. पण व्यापारी आत जाईनात. कित्येक वर्षे ते पूर्वीप्रमाणे बाहेर चौकातच उभे राहून सौदे करीत राहिले. शब्द आला, इमारतही आली, परंतु व्यवहाराची रीत जुन्या थराचीच राहिली.

३

ही रीत समजण्यासाठी व्यापारीवर्गाची कायदेशीर स्थिती पाहिली पाहिजे. १७८५ च्या नगरसनदेने व्यापाऱ्यांचे तीन ‘गिल्ड’ ठरविले. आपले भांडवल किती हे व्यापाऱ्याने स्वतः जाहीर करावे आणि त्या प्रमाणात दरवर्षी कर भरावा, अशी ही व्यवस्था होती. तिसऱ्या गिल्डसाठी १,००० ते ५,००० रूबल भांडवल पुरे होई. हा गिल्ड पुढे १८६३ मध्ये रद्द झाला. उमरावाचा दर्जा वंशपरंपरेने चाले. व्यापाऱ्याचा दर्जा मात्र प्रतिवर्षी विकत घ्यावा लागे. ज्या वर्षी कर भरणे अशक्य झाले त्या वर्षी तो सामान्य नगरवासी होई आणि त्याच्या मुलांवर सक्तीच्या दीर्घ लष्करी सेवेचे संकट येई. अशा अस्थिर दर्जाच्या माणसाला शासनापेक्षा आपल्या बिरादरीचा आधार अधिक वाटावा यात नवल नाही.

मॉस्कोत ही बिरादरी बहुधा धार्मिक होती. सतराव्या शतकाच्या मध्यास धर्माचार्य निकोन याने केलेल्या विधिविषयक सुधारणा ज्यांनी नाकारल्या त्या जुनेपंथीयांची दोन मोठी केंद्रे १७७१ च्या प्लेगच्या साथीत मॉस्कोत उभी राहिली. एक रोगोझ्स्कोये, दुसरे प्रेओब्राझेन्स्कोये. नावाने ही दफनभूमी. परंतु तेथे प्रार्थनास्थाने, अनाथगृहे व रुग्णालये होती, आणि समाजाचा निधीही होता. या निधीतून पंथाच्या होतकरू माणसांना भांडवल मिळे. बँक नसलेल्या काळात ही बँकच होती; तारण होते ते कर्जदाराच्या आचरणाचे. जो मद्य पीत नाही, उपवास पाळतो आणि दर रविवारी डोळ्यांसमोर असतो, त्याची पत जोखणे कठीण नव्हते.

पहिल्या निकोलसच्या राजवटीत या व्यवस्थेवर घाला आला. १८५५ च्या आरंभापासून जुनेपंथीयांना गिल्डमध्ये कायमची नोंद मिळणे बंद झाले. अनेक घराण्यांनी अधिकृत चर्चशी तडजोड केली. र्‍याबुशिन्स्की बंधूंनी मात्र वेगळा मार्ग काढला. अझोव समुद्राकाठी नव्याने वसविलेल्या येइस्क या गावी जुनेपंथीयांना सवलत होती. त्यांनी तेथील व्यापारी म्हणून नाव नोंदविले आणि काही वर्षांनी ते पुन्हा मॉस्कोच्या नोंदीत आले. १८५६ मध्ये रोगोझ्स्कोये येथील वेदीस्थाने सरकारने मोहरबंद केली. ती उघडली १९०५ साली. जवळजवळ अर्धशतक मॉस्कोचे कित्येक लक्षाधीश आपल्याच देवालयात पूर्ण उपासना करू शकत नव्हते, ही गोष्ट त्यांच्या शासनविषयक दुराव्याचा विचार करताना विसरता येत नाही.

४

गिरण्यांच्या वाढीचा इतिहास मोरोझोव घराण्यात जणू एकत्रित झालेला आहे. साव्वा वासील्येविच मोरोझोव (१७७०–१८६०) हा झूयेवो गावचा भूदास. रेशमी फिती विणण्यापासून त्याने धंद्यास प्रारंभ केला. १८१२ च्या आगीनंतर उद्ध्वस्त मॉस्कोत कापडाची मागणी वाढली, तिचा लाभ त्याला झाला, आणि १८२० मध्ये १७,००० रूबल देऊन त्याने आपल्या धन्याकडून स्वतःची मुक्तता विकत घेतली.

हातमागावरून यंत्राकडे जाण्यास एक परदेशी मध्यस्थ कारणीभूत झाला. ब्रेमेनचा लुडविग क्नोप हा १८३९ साली मँचेस्टरच्या एका पेढीचा प्रतिनिधी म्हणून मॉस्कोत आला. इंग्लंडने कापडयंत्रांच्या निर्यातीवरील बंदी उठविताच त्याने मोरोझोवच्या गिरणीस यंत्रे पुरविली, आणि पुढे यंत्रे, कारागीर व कापूस हे सर्व उधारीवर देऊन मोबदल्यात गिरणीचे भाग घेण्याची पद्धत पाडली. प्रत्येक चर्चमध्ये पाद्री असतो तसा प्रत्येक गिरणीत क्नोप असतो, अशा अर्थाची म्हणच रूढ झाली. तेव्हा मॉस्कोचे भांडवल सर्वस्वी स्वदेशी होते, ही समजूत पुरती खरी नाही. मात्र परदेशी माणसालाही तेथे व्यक्तिगत ओळखीच्या मार्गानेच शिरकाव मिळाला.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने या गिरण्यांचा कापूस तोडला. त्याच घटनेने मुंबईत कापसाच्या भावाला उधाण आले आणि १८६५ मध्ये सट्ट्याचा डोलारा कोसळला, हे आपणांस परिचित आहे. मॉस्कोला हाच धक्का उलट बाजूने, म्हणजे ग्राहक म्हणून बसला. १८६५ मध्ये ताश्कंद रशियाच्या हाती आल्यावर मध्य आशियातील कापसाकडे मॉस्कोच्या कारखानदारांचे लक्ष अधिकाधिक लागले.

५

या पार्श्वभूमीवर १८६६ मध्ये मॉस्को व्यापारी बँक स्थापन झाली. तिच्या उभारणीत फ्योदोर चिझोव याचा वाटा मोठा. हा मूळचा गणिताचा अध्यापक, विचाराने स्लाववादी, आणि परदेशी भांडवलावाचून आगगाडी बांधता येते हे सेर्गियेव पोसादच्या मार्गाने सिद्ध करणारा. १८६९ मध्ये परस्पर पतसंस्था आणि १८७१ मध्ये निकोलाय नाइद्योनोव याची मॉस्को व्यापार बँक अस्तित्वात आली. या संस्थांचे मुख्य काम कापडव्यापाऱ्यांच्या हुंड्या वटविणे हे होते. पीटर्सबर्गच्या बँका सरकारी कर्जरोखे, रेल्वे आणि पुढे जड उद्योग यांत गुंतल्या, तर मॉस्कोच्या बँका ओळखीच्या पेढीची हुंडी पारखण्यात धन्यता मानीत.

हाच भेद कंपन्यांच्या नावांतही उतरला. पीटर्सबर्गमध्ये ‘अक्त्सिया’ हा पश्चिमेकडून आलेला शब्द चाले. असा भाग बहुधा धारकाच्या नावाचा नसे व बाजारात हातोहात फिरे. मॉस्कोच्या गिरण्या ‘पाय्’ या जुन्या तुर्की शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या भागांवर चालत. ‘पाय्’ मालकाच्या नावे असे, त्याची दर्शनी किंमत मोठी असे, आणि विकावयाचा झाल्यास तो प्रथम जुन्या भागीदारांपुढे ठेवावा लागे. म्हणजे कंपनीचे रूप कायद्याने नवे, परंतु अंतरंग कुटुंबाचेच. दोन शब्द हे येथे दोन प्रकारच्या भांडवलांचे दर्शक आहेत : एक अनोळखी माणसांचे, दुसरे ओळखीच्यांचे.

६

ओळखीचे भांडवल अधिक सुरक्षित होते काय? १८७५ च्या ऑक्टोबरात मॉस्को व्यापारी कर्ज बँक बुडाली. रशियातील हे पहिले मोठे बँकबुडीचे प्रकरण होय. संचालकांनी बेटेल हेन्री श्ट्राउसबेर्ग या जर्मन रेल्वे-उद्योजकास पुरेशा तारणावाचून सुमारे ७० लाख रूबल दिले होते. १८७६ च्या खटल्यात असे पुढे आले की, बँकेची अवस्था कळलेल्या काही प्रतिष्ठितांनी ती लोकांपासून लपविली आणि दरम्यान स्वतःचे पैसे काढून घेतले. नगराध्यक्षपदी असलेला दानीला शूमाखर हाही आरोपींत होता. व्लादीमिर माकोव्स्की याने १८८१ मध्ये या विषयावर रंगविलेले चित्र आज त्रेत्याकोव चित्रसंग्रहालयात आहे. त्यातील रडणारे, गोंधळलेले ठेवीदार हे बिरादरीतले नव्हेत. ते बाहेरचे, ‘शब्दा’वर विसंबलेले सामान्य नगरवासी आहेत.

विश्वासाची दुसरी मर्यादा गिरणीच्या दाराशी होती. तिमोफेय मोरोझोव याच्या निकोल्स्कोये येथील गिरणीत दोन वर्षांत मजुरी पुनःपुन्हा कमी करण्यात आली आणि दंडांनी उरलेली मजुरी पोखरली. ७ जानेवारी १८८५ हा सणाचा दिवस कामाचा म्हणून जाहीर होताच सुमारे ८,००० कामगारांनी संप केला. लष्कर आले, शेकडो लोकांना हद्दपार केले गेले. परंतु १८८६ च्या खटल्यात ज्यूरीपुढे ठेवलेल्या १०१ प्रश्नांपैकी प्रत्येकाचे उत्तर आरोपींच्या बाजूने लागले. त्याच वर्षी ३ जूनच्या कायद्याने दंडाची कमाल मर्यादा मजुरीच्या एकतृतीयांश ठरली आणि दंडाची रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्या निधीत जावी असे बंधन घातले गेले. ज्या घराण्याच्या संस्थापकाने स्वातंत्र्य रोख पैशाने विकत घेतले होते, त्याच्याच मुलाशी व्यवहार करताना कामगारांना शब्द पुरला नाही, लिखित कायदाच लागला.

७

विसाव्या शतकात र्‍याबुशिन्स्की बंधूंनी ही वर्तुळाची मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला. १९०२ मध्ये त्यांनी पेढी काढली, १९१२ मध्ये तिचे भागभांडवल असलेल्या मॉस्को बँकेत रूपांतर केले, तागाच्या जातीच्या जवसधाग्याच्या धंद्यात पैसा घातला आणि १९१६ मध्ये मोटारींच्या कारखान्याचा पाया घातला. डिसेंबर १९१७ मध्ये खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हा प्रयोग अर्ध्यावर थांबला.

वरील विवेचनावरून एवढे म्हणता येते की, मॉस्कोच्या व्यापाऱ्याचा शब्द ही निव्वळ दंतकथा नव्हती. तो छळ सोसणाऱ्या बिरादरीने घडविलेला आणि परस्पर देखरेखीने राखलेला खरा आर्थिक बंध होता. परंतु तो वर्तुळाच्या आत खरा होता. ठेवीदार आणि कामगार हे वर्तुळाबाहेरचे; त्यांच्यासाठी हिशेब तपासणारा परीक्षक आणि दंडाला मर्यादा घालणारे कलम यांचीच आवश्यकता होती. ‘दवेरिये’ या शब्दाच्या पोटात ‘वेरा’ आहे हे भाषाभ्यासकाने सांगावे. परंतु ती श्रद्धा कोणाची व कोणावर, हा प्रश्न इतिहासकाराने विचारल्यावाचून त्या शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही.