घरात रोख किती असावी? भंडाऱ्याच्या गाडग्यांचा आणि पेट्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/ अडीअडचणीसाठी घरात रोख किती ठेवावी, हा प्रश्न मोबाईलवरून पैसे देणाऱ्या पिढीलाही पडतो. उत्तरादाखल सहसा एखादा आकडा सांगितला जातो. भंडारा जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र त्या आकड्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला लावतो: पैसा कोणत्या रूपात ठेवला आहे आणि ते रूप कोणत्या संकटात टिकते?

२/ भंडारा म्हणजे वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव आणि धान. पावसाळ्यात पऱ्हे आणि रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. खर्च बाराही महिने, उत्पन्न मात्र मुख्यतः वर्षातून एकदा. मधल्या काळात गाठीशी काही नसेल तर सावकाराचे दार गाठावे लागे. तेथे सवाई-दिढीचा हिशेब चाले: पेरणीला उचललेले धान कापणीनंतर सव्वापट किंवा दीडपट परत करायचे. घरात शिल्लक नसण्याची किंमत प्रत्येक हंगामात अशी मोजावी लागे.

३/ त्यामुळे शिल्लक तीन रूपांत ठेवली जाई. पहिले रूप कोठीतले धान. दुसरे पितळी भांडी; पितळकामासाठी भंडारा प्रसिद्धच आहे. तिसरे रूप चांदी: अंगावरचे दागिने आणि गाडग्यात पुरलेले रुपये. धानाला कीड लागे. भांडी गहाण पडत. पण दुष्काळात सारे गाव एकदम भांडी घेऊन बाहेर पडले की त्यांचा भावही पडे. उरली चांदी. ती कधीच दगा देणार नाही, अशी समजूत होती.

४/ या समजुतीला भक्कम आधार होता. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बाराव्या हिश्शांपैकी अकरा हिस्से शुद्ध चांदी. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर भंडाऱ्यातही हा यंत्रावर पाडलेला ‘कलदार’ रुढ होत गेला. मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी नेऊन, ठरलेला खर्च देऊन तिचे रुपये पाडून घेता येत. परिणामी तोळाभर चांदीचे वाळे आणि एक रुपया यांच्या मोलात फारसे अंतर पडत नसे.

५/ २६ जून १८९३ रोजी हे नाते तुटले. जगात चांदीचा भाव घसरत होता आणि रुपयाचा विनिमयदर सावरण्यासाठी सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपयाचे मोल आता कायद्याने राखले जाणार होते; दागिन्यातली चांदी मात्र बाजाराच्या भावाने खाली घसरायला मोकळी सुटली. एकाच गाडग्यात ठेवलेल्या, एकाच वजनाच्या दोन वस्तूंची किंमत एका सरकारी निर्णयाने वेगळी झाली.

६/ याचा अर्थ खेड्यांना कळला तो दुष्काळात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी मध्य प्रांताला झोडपले आणि भंडारा त्यातून सुटला नाही. १८९९ च्या सुमारास रुपयाभर वजनाच्या चांदीचे बाजारमूल्य दहा आण्यांच्या आसपास होते. ज्या घराने शिल्लक नाण्यांत ठेवली होती, त्याच्या हाती सोळा आणे होते. ज्याने ती वाळ्या-तोड्यांत ठेवली होती, त्याला तेवढ्याच चांदीवर एक तृतीयांशाहून अधिक तोटा होता, आणि वर सोनाराची घट. दोघांची काटकसर सारखीच होती. फरक होता तो फक्त रूपाचा.

७/ पुढचा धक्का उलट दिशेने आला. पहिल्या महायुद्धात चांदी महागली. रुपया वितळवणे फायद्याचे ठरू लागले आणि नाणी बाजारातून दिसेनाशी झाली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली. देशाच्या काही भागांत नोट मोडताना बट्टा द्यावा लागे. अखेर १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी विकली. घरोघरच्या गाडग्यांत गेलेली चांदी भरून काढण्यासाठी एका साम्राज्याला दुसऱ्या देशाकडे हात पसरावा लागला होता.

८/ जून १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि नोटांवरचा विश्वास पुन्हा डळमळला. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी जमवणे हा गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट परत आणली आणि नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर उतरवली. घरात शिल्लक ठेवणारा मनुष्य त्या उन्हाळ्यात कायद्याच्या दृष्टीने ‘साठेबाज’ ठरू शकत होता.

९/ मग जुनी नाणीच रद्द होऊ लागली. व्हिक्टोरियाचे ‘राणीछाप’ रुपये ३१ मार्च १९४१ नंतर, सातव्या एडवर्डचे ३१ मे १९४२ नंतर आणि पंचम व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये ३१ मे १९४३ नंतर चलनातून बाद झाले. तरीही ज्यांनी ती नाणी परत केली नाहीत, ते बुडाले नाहीत. नाणे रद्द झाले तरी चांदी उरली. हा दिलासा पुढच्या पिढीच्या कागदी नोटांना मिळणार नव्हता.

१०/ १२ जानेवारी १९४६ रोजी ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. अशा सुमारे १४४ कोटी रुपयांच्या नोटांपैकी सुमारे १३५ कोटींच्या नोटा बदलून घेतल्या गेल्या. भंडाऱ्याच्या धानउत्पादकाला याची झळ लागण्याचे कारण नव्हते; ५०० ची नोट त्याच्या पेटीत असण्याचा संभवच कमी. १६ जानेवारी १९७८ रोजी मोरारजी देसाई सरकारने १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या, तेव्हाही सामान्य घरे जवळपास अस्पर्श राहिली.

११/ ‘मग सगळे बँकेतच का ठेवू नये?’ या प्रश्नालाही इतिहास आहे. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि विदर्भातीलच अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या हादऱ्यातून ठेव विमा जन्मला. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. आज ही मर्यादा प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपये आहे. पण विमा म्हणजे तत्काळ हाती येणारी रोकड नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी फक्त १,००० रुपये काढता येत होते.

१२/ ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आधीच्या दोहोंपेक्षा का वेगळी होती? १९४६ मध्ये ५०० ची नोट ही श्रीमंतांची वस्तू होती. २०१६ मध्ये ती किराण्याच्या दुकानात मोडली जाई. ५०० आणि १,००० च्या नोटा मिळून चलनाच्या मूल्यातला सुमारे ८६ टक्के भाग होता. एकच उपाय, पण महागाईने मधल्या सत्तर वर्षांत त्याचा नेम धनिकाच्या तिजोरीवरून गृहिणीच्या डब्यावर आणून ठेवला होता.

१३/ भंडाऱ्यासाठी वेळही नेमकी अडचणीची होती. नोव्हेंबर म्हणजे धान कापणीचा, मळणीचा आणि मजुरी चुकती करण्याचा महिना. खेड्यातल्या शेतकऱ्याचे खाते बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, कारण पीककर्ज तेथूनच मिळते. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या अशा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास किंवा बदलून देण्यास मनाई केली. जवळची बँक उघडी होती, पण हातातली नोट तिला चालत नव्हती.

१४/ त्या दिवसांत घरोघरी आणखी एक गोष्ट उघडी पडली: बायकांची चोरून ठेवलेली पुंजी. धान्याच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत, देवघरातल्या फोटोमागे घरखर्चातून वाचवलेल्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या. अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींबद्दल गृहिणींना विचारणा होणार नाही, असे सरकारने सांगितले. पण नवऱ्याने वा सासऱ्याने विचारू नये, अशी सोय कोणत्याही परिपत्रकात नव्हती. अनेक घरांत ही पुंजी म्हणजे त्या स्त्रीच्या हाती असलेला एकमेव निर्णयाधिकार होता. रद्द झालेल्या नोटांचे पैसे खात्यात जमा झाले. गुप्तता मात्र परत मिळाली नाही.

१५/ ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संकट नदीतून आले. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि मुसळधार पाऊस यांनी वैनगंगा फुगली. भंडारा शहराच्या सखल वस्त्या आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी वीज आणि मोबाईलचे मनोरे बंद पडले की खात्यातला पैसा दिसतो, हाती येत नाही. उलट पेटीतली रोकड घर सोडताना मागे राहिली तर चिखलात जाते. रोख नसल्याने अडणारा आणि रोख भिजल्याने अडणारा, दोघे एकाच गल्लीत असू शकतात.

१६/ या साऱ्यातून ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर काढायचे तर मोजमाप दिवसांत करावे लागते. पुराची अडचण काही दिवसांची, नोटबंदीची काही आठवड्यांची, दुष्काळाची पुढच्या कापणीपर्यंतची. एक-दोन आठवड्यांचे औषधपाणी, प्रवास आणि किराणा भागेल एवढी रोख घरात असणे शहाणपणाचे. त्यापुढच्या काळासाठी धान्य आणि विम्याचे संरक्षण असलेली, शक्यतो एकाहून अधिक बँकांतली ठेव. वर्षभराची पुंजी घरात ठेवणाऱ्याला इतिहासाने चारदा तरी अडचणीत आणले आहे.

१७/ रोख कोणत्या नोटांत असावी, याचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. १९४६, १९७८ आणि २०१६ या तिन्ही नोटबंदींत १०० आणि त्याखालच्या नोटांना हात लागला नाही. १९ मे २०२३ रोजी जी नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली, तीही २,००० ची, म्हणजे सर्वांत मोठीच होती. लहान नोटांचे पुडके जागा अधिक घेते. पण अडचणीच्या दिवशी सुट्टे मागणारा दुकानदार आणि पुढची अधिसूचना, दोन्हींपुढे तेच टिकते. पुडके जलरोधक पिशवीत असावे आणि त्याचा ठावठिकाणा घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावा. मालकाबरोबर विस्मरणात गेलेली गाडगी आजही नांगराला लागतात.

१८/ आजीच्या पेटीत जुना रुपया असेल तर तो काढून पाहावा. त्यावरचे साल पाहावे, मुद्रा कोणाची ते पाहावे आणि वजन करावे: साधारण ११.६६ ग्रॅम. साल १९४० च्या आधीचे असेल तर तो बहुतेक जुन्या कसाचा. त्यानंतरचा चांदीचा असेल तर त्यात चांदी निम्मीच. त्या घराने १९४१ ते १९४३ मध्ये सरकारचे म्हणणे ऐकून तो परत केला नाही, एवढे तरी त्यावरून नक्की कळते. का केला नाही, हे आजीला विचारण्याची वेळ अजून गेलेली नसेल, तर तो प्रश्न आजच विचारावा.